स्टार्स ऑफ द लिड: ठाणे-नवी मुंबईच्या श्रोत्यांचे नेहमीचे प्रश्न

महिन्यातल्या एखाद्या शनिवारी आम्ही काही जण, कधी माजिवड्याला तर कधी घणसोलीला, ज्याच्या घरची मंडळी गावाला गेली असतील त्याच्या हॉलमध्ये जमतो आणि एक अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकतो. मधे बोलायचं नाही आणि मोबाइल आतल्या खोलीत ठेवायचे, एवढेच नियम. टेक्सासच्या या जोडीचं काही लावलं की नवीन आलेल्यांचे प्रश्न ठरलेले असतात. तीच तीच उत्तरं देऊन चहा गार होतो, म्हणून सगळं एकदाचं लिहून काढलं आहे.

ही मंडळी नेमकी कोण?

दोन माणसं: ब्रायन मॅकब्राइड आणि ॲडम विल्ट्झी. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात त्यांनी एकत्र काम सुरू केलं. भांडवल म्हणाल तर गिटार, काही पेडल्स (पायाने दाबून गिटारचा आवाज बदलणारी उपकरणं) आणि चार ट्रॅकचा कॅसेट रेकॉर्डर. पुढे व्हायोलिन, चेलो, हॉर्न आले. ड्रम आले नाहीत, गायकही आला नाही. मिटलेल्या पापणीच्या आत ज्याचा त्याला दिसणारा सिनेमा, यावरून नाव घेतल्याचं ते सांगत. मॅकब्राइड २०२३ च्या ऑगस्टमध्ये गेला. विल्ट्झीचं काम चालू आहे.

गाणं सुरू कधी होणार?

झालंय की. हा प्रश्न बहुतेक चौथ्या-पाचव्या मिनिटाला येतो आणि विचारणाऱ्याचा काही दोष नाही. मुखडा, अंतरा, मधलं म्युझिक, पुन्हा मुखडा, अशी आपल्या कानाची घडण आहे. इथे एक सूर येतो, सावकाश भरत जातो, त्याच्याच पोटातून दुसरा निघतो आणि पहिला केव्हा गेला ते कळतही नाही. पुढे काय येणार याची वाट बघत बसलं की जीव मेटाकुटीला येतो. त्यापेक्षा आत्ता जो सूर चालू आहे तो कशाकशाचा बनलाय ते ऐकायला लागा: खाली गुरगुरणारं काहीतरी, वर किंचित हलणारी एक तार, मागे टेपची खरखर. मग वीस मिनिटं कशी जातात ते समजत नाही.

माझ्या आत्याने हे ऐकून "यांची लाइट गेली होती का?" असं विचारलं होतं. तिला अजूनही आवडलेलं नाही. तिचंही बरोबरच आहे.

ठेका नाही, शब्द नाहीत. मग याला रॉक कोण म्हणतं?

सायमन रेनॉल्ड्स या ब्रिटिश समीक्षकाने १९९४ मध्ये 'पोस्ट-रॉक' हा शब्द चलनात आणला. रॉकचीच वाद्यं हातात घ्यायची, पण त्यांच्याकडून रॉकची कामं करून घ्यायची नाहीत, असा त्याचा मथितार्थ. गिटारवर रिफ, म्हणजे तोच तो ठसकेबाज छोटा तुकडा, वाजवण्याऐवजी पोत तयार करायचा, रंग भरायचा. स्टार्स ऑफ द लिड या व्याख्येत चपखल बसतात, तरी दुकानातल्या कप्प्यांच्या हिशेबाने त्यांना 'ॲम्बियंट' (वातावरणात विरघळणारं संगीत) किंवा 'ड्रोन' (लांबवलेल्या सुरांचं संगीत) म्हणणारेच जास्त आहेत.

पोस्ट-रॉकशी त्यांचं खरं नातं जुळतं ते रेकॉर्ड कंपनीमुळे. शिकागोची क्रँकी ही छोटी कंपनीही १९९३ चीच. तिचा पहिला अल्बम लॅब्रॅडफर्ड या बँडचा, आणि लॅब्रॅडफर्डही सुरुवातीला दोघांचीच जोडी होती. मॉन्ट्रियलच्या गॉडस्पीड यू! ब्लॅक एम्परर या बँडचा पहिला गाजलेला अल्बम १९९८ मध्ये सीडीवर काढला तोही क्रँकीनेच. म्हणजे एकाच घरात एक भाऊ वीस-वीस मिनिटं चढत जाऊन शेवटी छप्पर उडवणारा, आणि दुसरा आवाज न चढवता त्याच खोलीत बसून राहणारा.

हा तर तानपुरा झाला. त्यात नवीन काय?

गाण्याच्या क्लासला जाणारं कुणी आलं की हा प्रश्न येतो, आणि या यादीतला हा मला सगळ्यात आवडणारा प्रश्न आहे. कारण त्याचं उत्तर खरोखर आपल्याकडून निघतं.

१९५५ मध्ये उस्ताद अली अकबर खाँ यांची एक तबकडी अमेरिकेत निघाली. ती ऐकणाऱ्या तरुणांत ला मॉन्टे यंग नावाचा एक संगीतकार होता. त्याच्या मनात सरोदपेक्षा मागचा तानपुरा घर करून बसला. पुढे त्याने एकेक सूर मिनिटामागून मिनिटं धरून ठेवणाऱ्या रचना केल्या. १९७० मध्ये किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ न्यूयॉर्कला गेले तेव्हा यंग आणि टेरी रायली हा दुसरा अमेरिकन संगीतकार त्यांचे शागीर्द झाले. प्राणनाथ हे उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांचे शिष्य. मिरजेत राहिलेले अब्दुल करीम खाँ, सवाई गंधर्व, भीमसेनजी यांच्यामुळे आपण ज्याला घरचं मानतो तेच हे किराणा घराणं. एकेका सुराची सावकाश बढत करायची त्याची रीत परक्या मुलखात जाऊन अशी रुजली.

इंग्लंडमध्ये ब्रायन ईनो या संगीतकाराने विद्यार्थिदशेत यंगची एक रचना वाजवली होती. त्याच ईनोने १९७८ मध्ये विमानतळासाठी म्हणून एक अल्बम केला आणि 'ॲम्बियंट' ही पाटी कायमची लागली. (उलव्यात आता आपलाही विमानतळ झाला आहे. तिथे हा अल्बम कुणी लावेल अशी आशा मी ठेवलेली नाही.) स्टार्स ऑफ द लिडवर ईनोची छाप उघड आहे, तशीच आर्व्हो पॅर्ट आणि गोरेत्स्की या युरोपीय रचनाकारांचीही. मॅकब्राइड आणि विल्ट्झी कुणाकडे तानपुरा शिकले नव्हते, त्यामुळे नातं थेट नाही, चार-पाच घरं ओलांडून आलेलं आहे.

फरकही आहेच. तानपुरा गवयासाठी असतो. इथे गवई आलाच नाही आणि तानपुरेच एकमेकांशी बोलू लागले आहेत. शिवाय तानपुरा 'सा' सोडत नाही, हे लोक सोडतात. खालचा सूर बदलतो, पण इतक्या उशिरा की बदलला तेव्हा पोटात खड्डा पडतो. 'टायर्ड साउंड्स' या त्यांच्या २००१ च्या अल्बमच्या सुरुवातीला, 'रिक्विएम फॉर डाइंग मदर्स'मध्ये, हे लक्ष देऊन ऐका.

गिटार कुठे आहे? ऐकूच येत नाही.

सगळीकडे गिटारच आहे, निदान सुरुवातीच्या अल्बमांत तरी. गिटार ओळखू येते ती तारेवर पिक आपटल्याच्या 'टण्'मुळे. तो पहिला क्षणभराचा आघात कापून टाकला तर ती व्हायोलिन आहे, हार्मोनियम आहे की दूरवरचा भोंगा, हे कानाला सांगता येत नाही. घरी करून बघायचं असेल तर व्हॉल्यूम पेडल पूर्ण बंद ठेवा, तार छेडा आणि छेडून झाल्यावर पाय हळूहळू दाबा. आघात गिळला जातो, मागचा नाद तेवढा वर येतो. तो डिले (सूर पुन्हा पुन्हा उमटवणारं उपकरण) आणि रिव्हर्ब (त्याला घुमारा देणारं) यांमधून सोडला की त्याची शेपूट लांबते. ई-बो नावाचं हातात मावणारं यंत्र असेल तर ते चुंबकीय क्षेत्राने तार कंप पावत ठेवतं आणि सूर हवा तेवढा वेळ धरता येतो.

मग कॅसेट. चार ट्रॅकच्या रेकॉर्डरवर टेपचा वेग निम्मा केला की सूर बरोबर एक सप्तक खाली उतरतो आणि लांबी दुप्पट होते. त्यात टेपची खरखर मिसळली की तो जुनाट, दमट आवाज तयार होतो. तोच आज लोक संगणकावर महागडी प्लगइन विकत घेऊन शोधतात.

एक स्थानिक मुद्दा. स्वस्त गिटार, जुनी इमारत आणि अर्थिंगची बोंब असेल तर अँपमधून, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या ॲम्प्लिफायरमधून, हम (एकसुरी गुणगुण) येणारच. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे तो हम साधारण 'जी' या सुराच्या किंचित वर बसतो. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, तिथला हम 'बी फ्लॅट' आणि 'बी' यांच्या मधे कुठेतरी लटकतो. माझा एक मित्र कळव्याला राहतो. त्याच्या घरी फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू झाला की अँप गुणगुणायला लागतो. त्याने हमशी भांडणं सोडलं, गिटार त्या सुराला जुळवून घेतली आणि सगळं 'जी'मध्ये बसवलं. ऐकायला छान वाटतं. मात्र घर बदललं की अख्खा कार्यक्रम बोंबलणार, हेही तो जाणून आहे.

कोणता अल्बम कधीचा, ते क्रमाने सांगाल?

पहिला 'म्युझिक फॉर नायट्रस ऑक्साइड', १९९५. कच्चा आहे, पण सगळं बीज त्यात आहे. १९९७ मध्ये क्रँकीवर 'द बॅलस्टेड ऑर्केस्ट्रा'. त्यात एका गाजलेल्या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेच्या तिसाव्या भागासाठीचं संगीत आहे. गंमत अशी की मालिकेचे क्रमांक एकोणतिसाव्या भागालाच संपले होते, म्हणजे हे न झालेल्या भागाचं संगीत. १९९८ मध्ये जॉन मॅककॅफर्टी या चित्रकाराबरोबर एक अल्बम. १९९९ मध्ये 'आव्हेक लॉडेनम': छोटा, मऊ, आणि नवख्या माणसासाठी सगळ्यात सोपा. २००१ मध्ये 'द टायर्ड साउंड्स ऑफ स्टार्स ऑफ द लिड', तीन एलपी किंवा दोन सीडी, सुमारे दोन तास. २००७ मध्ये 'अँड देअर रिफाइनमेंट ऑफ द डिक्लाइन', तोही तेवढाच लांब.

त्यानंतर नवा पूर्ण अल्बम नाही. शेवटचे दोन सगळ्यांना आवडतात, मलाही. पण सुरुवात त्यांच्यापासून करू नका. दोन तासांचा डोंगर पहिल्याच दिवशी कशाला?

दोन अल्बमांत सहा वर्षं! एवढा वेळ करत काय होते?

नोकरी.

हे मी खवचटपणे म्हणत नाही. त्यांची कारकीर्द समजून घ्यायची तर इथूनच. मॅकब्राइड हा विद्यापीठात वादविवादाचा प्रशिक्षक होता. कॅलिफोर्नियात तो मुलांना मुद्दे मांडायला, खोडायला आणि घड्याळाकडे बघत भराभर बोलायला शिकवायचा. अमेरिकेतल्या आंतरविद्यापीठ वादविवाद स्पर्धांत मुलं कशी धडाडत बोलतात ते ऐकलं तर हाच माणूस रात्री घरी येऊन पंधरा मिनिटं एक सूर धरून बसायचा यावर विश्वास बसत नाही. किंवा फार सहज बसतो. विल्ट्झी साउंड इंजिनिअर होता. फ्लेमिंग लिप्ससारख्या मोठ्या बँडबरोबर तो दौऱ्यावर जायचा, दुसऱ्यांचा आवाज नीट लावून द्यायचा. पुढे तो ब्रसेल्सला स्थायिक झाला.

आपल्याकडे नोकरी करणारा बँडवाला म्हणजे न जमलेला बँडवाला, असा एक समज आहे. कॉलेजात असताना "आम्ही फुल टाइम करणार" म्हणायचं, तिशीत रबाळ्याच्या एखाद्या आयटी पार्कात शिरायचं, गिटार कपाटावर टाकायची आणि कुणी विचारलं तर कसनुसं हसायचं. मला हा समज मुळातच चुकीचा वाटतो, आणि तोही मराठी माणसाचा असावा याचं आश्चर्य वाटतं. हौशी राज्य नाट्य स्पर्धा कुणी उभी केली? बँकेतले, पोस्टातले, एसटीतले, शाळेतले लोक संध्याकाळी सहानंतर तालमीला जमायचे म्हणूनच ना? त्या नाटकांना कुणी 'न जमलेली' म्हणत नाही.

या दोघांनी उपजीविकेचा भार संगीतावर कधीच टाकला नाही, म्हणून त्यांचं संगीत एवढं सावकाश राहू शकलं, असं माझं मत आहे. दरवर्षी अल्बम काढून घरभाडं भरायचं असतं तर कुणीतरी कधीतरी ड्रम घालायला सांगितलं असतं. गाणी चार मिनिटांची झाली असती. सहा वर्षं थांबायची मुभा त्यांना पगाराने दिली.

मधल्या काळात ते रिकामेही बसले नव्हते. विल्ट्झीने २००४ मध्ये द डेड टेक्सन या नावाने एक अल्बम काढला. मॅकब्राइडचा स्वतंत्र अल्बम २००५ मध्ये आला आणि २०१० मध्ये मधमाश्या नाहीशा होण्यावरच्या एका माहितीपटासाठी केलेलं त्याचं संगीतही प्रसिद्ध झालं. ते जरूर ऐका. दोघांपैकी कुणाचा वाटा कोणता हे तिथे लख्ख कळतं: व्हायोलिन-चेलोतली हळवी बाजू बरीचशी मॅकब्राइडची.

एक ब्रसेल्सला, एक अमेरिकेत. मग एकत्र वाजवायचे कसे?

बरेचदा वाजवायचेच नाहीत. आपापल्या घरी ध्वनिमुद्रण करायचं, एकमेकांना पाठवायचं, समोरच्याने त्यात भर घालायची किंवा काढून टाकायचं. ज्या संगीतात 'एक-दोन-तीन-चार' म्हणून एकत्र सुरुवातच करायची नसते, त्यात हे चालून जातं. ठेका असता तर जमलं नसतं.

आपल्याकडच्या जोड्यांनी हे मनावर घ्यावं. एक घोडबंदर रोडला आणि एक खारघरला असला की तालीम होत नाही, कारण दोघांचाही रविवार ट्रान्स-हार्बरच्या मेगाब्लॉकमध्ये जातो. तर तालीम करूच नका. फाइल पाठवा. समोरच्याला आठ दिवस ऐकू द्या. मोबाइलवर लगेच अंगठा पाठवणारा जोडीदार या कामाचा नाही.

गूगलवर ब्रायन मॅकब्राइड शोधला तर फुटबॉलपटू येतो. तोच का हा?

नाही. तो अमेरिकेचा स्ट्रायकर. २००४ ते २००८ या काळात लंडनच्या फुलहॅम क्लबकडून खेळला. क्रेव्हन कॉटेज हे फुलहॅमचं मैदान, आणि २००७ च्या अल्बममधल्या एका तुकड्याच्या नावात नेमकं क्रेव्हन कॉटेज आहे. म्हणजे हा गोंधळ त्यांना चांगलाच ठाऊक होता, असं मी धरून चालतो. त्यांच्या तुकड्यांची नावं सगळी अशीच चक्रम असतात. एवढं गंभीर संगीत आणि नावं वात्रट. काही नावं तर इथे छापण्यासारखी नाहीत.

हॅमॉक आणि हे एकच का? एकाच यादीत दोन्ही येतात.

वेगळे. हॅमॉक ही नॅशव्हिलची जोडी, मार्क बर्ड आणि अँड्र्यू थॉम्पसन. पहिला अल्बम 'केनॉटिक', २००५. त्यांच्याकडे गिटार मोठी, आकाशभर पसरणारी. अधूनमधून ड्रम, कधी पुटपुटल्यासारखे आवाज. स्टार्स ऑफ द लिड ज्यांना फारच कोरडं वाटतं त्यांना हॅमॉक लगेच भिडतं. बर्ड हा २००० मध्ये आलेल्या 'गॉड ऑफ वंडर्स' या चर्चमधून घरोघर पोचलेल्या गाण्याचा सहलेखक. म्हणजे समूहाने गायचं गाणं लिहिणारा माणूस नंतर शब्दच सोडून देतो.

त्यांची कारकीर्दही उलटी. स्वतःची कंपनी, स्वतःच प्रकाशन, आणि वर्ष-दोन वर्षांत काही ना काही येतंच. मंचावर मात्र फार क्वचित. २०१२ चा दुहेरी अल्बम 'डिपार्चर साँग्ज' हा मला त्यांचा सर्वोत्तम वाटतो. २०१७ ते २०१९ या काळात त्यांनी सलग तीन अल्बमांची मालिका केली. त्यातला पहिला, 'मिस्टेरियम', बर्डच्या भाच्याच्या मृत्यूनंतरचा आहे आणि जड आहे, एकट्याने ऐकू नये इतका. एवढं भरपूर काम केल्यामुळे हॅमॉकचं काही काही एकसारखं वाटतं, हेही खरं.

ऐकताना झोप लागते. चालेल?

चालेल. घोरलात तर उठवू.

१९७५ मध्ये ब्रायन ईनो अपघातानंतर अंथरुणाला खिळला होता. मैत्रिणीने हार्पची तबकडी लावून दिली, पण आवाज अगदीच बारीक राहिला. उठून वाढवायची ताकद नव्हती, बाहेर पाऊस चाललेला. पाऊस आणि हार्प एकमेकांत मिसळलेले ऐकत पडल्या पडल्या त्याला या संगीताची किल्ली सापडली. तेव्हा अर्धवट जागं असणं ही इथे गैरहजेरी धरत नाहीत. जुलैमध्ये, येऊरच्या बाजूने पाऊस भरून आलेला असताना, खिडकी उघडी ठेवून बारीक आवाजात लावून बघा.

लोकलमध्ये ऐकता येतं का?

साध्या इअरफोनवर नाही. गाडीची खालच्या पट्टीतली घरघर या संगीताच्या नेमक्या खालच्या सुरांना झाकून टाकते. मग उरतो वरचा पातळ थर, आणि हेडफोन बिघडलाय असं वाटतं. आवाज वाढवून उपयोग नाही, कान मात्र जातील. नॉइज कॅन्सलिंगवाले हेडफोन असतील तर एकसुरी घरघर ते बऱ्यापैकी खातात. तरीही ऐरोलीला दार अडवून उभं राहून 'टायर्ड साउंड्स' ऐकणाऱ्याला लोक बाजूला ढकलतात आणि बरोबरच करतात.

डी. वाय. पाटीलवर कोल्डप्ले झालं, तसा यांचा कार्यक्रम होईल का?

नाही, आणि मॅकब्राइड असतानाही झाला नसता. २०२५ च्या जानेवारीत नेरुळला कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम झाले. त्यांचे २००८ आणि २०११ चे अल्बम घडवण्यात ईनोचा हात आहे, तेव्हा दूरचं नातं जोडायचंच असेल तर जोडा. पण स्टार्स ऑफ द लिडचे कार्यक्रम छोट्या सभागृहातले: बरोबर मोजकी तंतुवाद्यं, मागे प्रोजेक्टरवर चित्रं, लोक खुर्चीवर बसलेले.

तशी जागा आपल्याकडे आहे का? गडकरी रंगायतन किंवा वाशीचं विष्णुदास भावे नाट्यगृह यांत आवाजाच्या दृष्टीने काही वाईट नाही. अडचण तिकिटांची. ड्रम नसलेल्या, गाणं नसलेल्या कार्यक्रमाने एवढ्या खुर्च्या भरणार नाहीत. घराचा हॉलच बरा.

मॅकब्राइड गेल्यावर पुढे काय?

विल्ट्झीची दुसरी जोडी आधीपासूनच आहे: अ विंग्ड व्हिक्टरी फॉर द सलन. २००७ मध्ये इटलीत बोलोन्याला, स्पार्कलहॉर्स या बँडबरोबर दौऱ्यावर असताना, त्याची पियानोवादक डस्टिन ओ'हॅलोरनशी ओळख झाली. त्यांचा पहिला अल्बम २०११ चा. २०१४ चा 'ॲटोमॉस' हा नृत्यदिग्दर्शक वेन मॅकग्रेगरच्या नृत्यासाठी केलेला. २०२४ मध्ये विल्ट्झीने स्वतःच्या नावावरही एक अल्बम क्रँकीतून काढला. स्टार्स ऑफ द लिड मात्र दोघांचं होतं.

आम्हीही दोघं असंच काहीतरी करतोय. पैसे मिळतील?

फारसे नाहीत. पण जे आहेत ते सोडू नका.

स्पॉटिफायवर २०२४ पासून नियम असा आहे की मागच्या बारा महिन्यांत एखाद्या ट्रॅकचे किमान १,००० स्ट्रीम झाले नसतील तर त्या ट्रॅकला पैसे नाहीत. बावीस मिनिटांचा ट्रॅक एकदा पूर्ण ऐकला तरी मोजणीत तो एकच. म्हणून या प्रकारातले कित्येक लोक हल्ली लांब रचनेचे तीन-तीन मिनिटांचे तुकडे पाडतात. तुम्ही ते करू नये असं मला वाटतं, पण पोट तुमचं आहे.

बँडकॅम्प या संकेतस्थळावर श्रोत्यांना थेट विक्री करता येते. डिजिटल विक्रीवर ते १५ टक्के कापतात, वर पैसे पाठवण्याचा खर्च वेगळा. पन्नास माणसांनी विकत घेतलं तरी स्ट्रीमिंगच्या वर्षभराच्या कमाईपेक्षा ते जास्त भरतं. शब्द नसले तरी तुम्ही रचनाकार आहात, तेव्हा आयपीआरएसचं, म्हणजे रचनाकारांच्या हक्काचे पैसे गोळा करणाऱ्या संस्थेचं, सदस्यत्व घ्या. लघुपट, जाहिरात, नाटक यांत तुमचं संगीत वापरलं गेलं तर त्याचे हक्क कुणाकडे राहतात हे आधी लिहून घ्या. ठाण्यात नाटकवाल्यांची वाण नाही आणि प्रायोगिक नाटकाला असं पार्श्वसंगीत हवंच असतं. "मानधन नंतर बघू" म्हणणाऱ्याला मात्र काम देण्याआधीच नमस्कार करावा. एका स्पर्धेच्या नाटकाचं संगीत आम्ही त्या बोलीवर केलं होतं. ते 'नंतर' अजून यायचं आहे.

दोघांत वाटणी कशी करायची हेही आजच ठरवा. अर्धं-अर्धं, कुणी किती वाजवलं ते न मोजता. या संगीतात एकाने काहीच न वाजवणं हाही कधी कधी त्याचा हातभार असतो.

सोसायटीच्या हॉलमध्ये अशी बैठक घ्यायची तर परवानगी लागते का?

रहिवाशांच्या सामायिक हॉलमध्ये, सोसायटीतल्या लोकांसाठी, नफा न कमावता ध्वनिमुद्रण ऐकवायला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे. तिकीट लावलं किंवा बाहेरच्यांना खुलं आमंत्रण दिलं की गोष्ट वेगळी, मग परवाना बघावा लागतो. आवाजाची मर्यादा रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबल. हे संगीत नीट ऐकलं तर ती ओलांडायचं कारणच नाही. सेक्रेटरींना अर्ज देताना 'रॉक' हा शब्द लिहू नका, 'वाद्यसंगीत श्रवण' लिहा. आणि पाण्याच्या पंपाची वेळ वॉचमनला आधी विचारून घ्या. गणपतीच्या आधीचा महिना असेल तर ढोल-ताशा पथकाच्या सरावाचीही.